सत्तरीपुढची माणसं गड चढताना पाहून हुरूप येतो, पण तो टिकवायचा कसा?

गोडोलीकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात आहे ते विचारते. थोडं लांबेल.

मी ४४ वर्षांची. साताऱ्यात राहते, पतसंस्थेत कॅशला बसते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खुर्ची सुटत नाही, मार्चएंडला तर रात्रीचे नऊ होतात. एप्रिलमध्ये रक्त तपासलं तर तीन महिन्यांची साखर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, पण रोज चालायला लागा आणि पाच-सहा किलो उतरवा. माझ्या आईला पन्नाशीत मधुमेह झाला. शेवटची काही वर्षं तिच्या पायाची जखम रोज मी धूत होते. त्यामुळे हा आकडा बघितल्यापासून मला नीट झोप नाही.

भाऊ मला फौजा सिंग यांचे व्हिडिओ पाठवतो. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी ते लंडन मॅरेथॉन पळाले. २०११ मध्ये टोरंटोला पूर्ण मॅरेथॉन केली तेव्हा ते १०० वर्षांचे होते. व्हिडिओ बघताना अंगावर काटा येतो, खरंच येतो. दुसऱ्या दिवशी मी पाचला उठतेसुद्धा. तिसऱ्या दिवशी गजर बंद करून झोपते.

मे महिन्यात अजिंक्यताऱ्यावर जायला लागले. तिथे एक आजी भेटल्या, ७६ वर्षांच्या. नऊवारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काठी. ती टेकायला नाही, कुत्र्यांसाठी. पहिल्या दिवशी मी झपझप चालत त्यांना मागे टाकलं आणि तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून धापा टाकत उभी राहिले. आजी त्याच चालीनं आल्या आणि न थांबता म्हणाल्या, "वळणाला बाहेरनं ये, पोरी. आतनं चढ लागतो. आन् बसू नगं, बसलं की गुडघं धरत्यात."

तेव्हापासून त्यांच्या मागं मागं चालून मी बघत होते. पाऊल अगदी छोटं, पण सगळा तळवा टेकतात. तोंड मिटलेलं असतं. श्वासासाठी तोंड उघडावंसं वाटलं की चाल कमी करतात, थांबत मात्र नाहीत. प्रत्येक वळणाला रस्त्याच्या बाहेरच्या कडेनं जातात, चार पावलं जास्त पडली तरी. मी तसं केलं आणि नवव्या दिवशी न थांबता दरवाज्याजवळच्या मारुतीपर्यंत पोहोचले. समोर यवतेश्वर, मागं सज्जनगड. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिथं पायी आले होते. मला रडू आलं.

मग आजी चार दिवस दिसल्या नाहीत. पाचव्या दिवशी मीही गेले नाही. त्याला आता तीन आठवडे झाले.

तर माझा प्रश्न असा. या वयाची माणसं बघून तुम्हाला हुरूप येत असेल, तर तो तुमचा स्वतःचा कधी झाला? की माझ्यासारखा तुमचाही दुसऱ्याच्या पायावरच चालतो?

लोणंदचा_बाळ्या

ताई, माउलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते, त्यामुळे चालणारी म्हातारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, यंदा त्यांची एकोणिसावी वारी.

लोक म्हणतात, विठ्ठल चालवून घेतो. वडीलही तेच म्हणतात, आणि माझीही तीच श्रद्धा आहे. पण त्यांची तयारी मी जवळून बघतो. अक्षय्य तृतीयेपासून रोज शेतापर्यंत पायी जातात, मोटारसायकलवर बसत नाहीत. वारीची चप्पल दोन महिने आधी घेऊन पायाला मोडून ठेवतात. नवी चप्पल घालून निघालेला माणूस पुणे-सासवडच्या टप्प्यात दिवे घाटातच फोड घेऊन बसतो. रात्री मुक्कामाला तळपायाला तेल चोळल्याशिवाय आडवे होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. दिंडीत प्रत्येकाची ओळ ठरलेली असते. आपल्या ओळीतला माणूस दिसला नाही की लगेच मागं-पुढं विचारणा सुरू होते, कुणीतरी शोधायला जातं. दोन वर्षांपूर्वी वडिलांना तरडगावच्या अलीकडे चक्कर आली, तर ओळीतल्या माणसांनी मला फोन करून बोलावून घेतलं. एकट्यानं अडीचशे किलोमीटर चाल म्हटलं तर ते फलटणच्या पुढं जाणार नाहीत, हे ते स्वतः सांगतात.

तुम्ही दुसऱ्याच्या पायावर चालताय याचं वाईट वाटून घेऊ नका. मला एवढंच विचारायचंय, आजी चार दिवस कुठं होत्या, याची चौकशी केलीत का?

स्नायू_आणि_सांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. तुमच्या ६.२ बद्दल आधी लिहिते, कारण भीती मला कळते.

५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी. इथून माघारी फिरता येतं. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या हजारो माणसांचे गट केले होते. एका गटाला वजन सात टक्के उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायला लावलं. साधारण तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. आणि साठीपुढच्यांनी सगळ्यांत जास्त फायदा मिळवला, ७१ टक्के. गडावरच्या तुमच्या आजी आणि हे आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

दुसरं, स्नायूंचं. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि साठीनंतर वेगानं. पण ते परत मिळवायला वयाची अट नाही. १९९० मध्ये बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला होता. त्यांची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या जवळपास वाढली. कॉलेजात असताना हे वाचलं आणि मी वृद्धांसोबतच काम करायचं ठरवलं.

तुम्हाला दोन कामं सांगते. खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईनं किमान बारा वेळा उठावं अशी अपेक्षा असते, तुमचं त्याहून बरंच जास्त यायला हवं. कमी आलं तर रोज तोच व्यायाम करा. पतसंस्थेतही करता येतो. दुसरं, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारा स्नायू रक्तातली साखर उचलतो, ते काम लगेच सुरू होतं.

गड उतरताना मात्र जपा. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो. घाई नको, पाऊल छोटंच ठेवा. आजींचं "बाहेरनं ये" शंभर टक्के बरोबर आहे. वळणाच्या आतल्या अंगाला उतार तीव्र असतो, बाहेरच्या कडेला तोच चढ जास्त अंतरात विभागला जातो.

काठावरची

मी वेगळं लिहिणार आहे, रागावू नका.

माझ्या आईला ६९ व्या वर्षी संधिवात आहे, बोटं वाकडी झाली आहेत. येणारा प्रत्येक नातेवाईक तिला मोबाईल दाखवतो. ही बघा ऐंशीची आजी गड चढतेय, तुम्ही मनावरच घेत नाही. ते गेले की ती भिंतीकडे तोंड करून झोपते. गडावर चढू शकणारेच भेटतात हो. चढू न शकणारे घरात असतात, त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

माझी आई रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसून एकेक पाय दहा वेळा सरळ करते. मध्ये कळ आली की ओठ दाबून थांबते, मग उरलेले पूर्ण करते. सहा वर्षांत तिनं एक दिवस चुकवलेला मला आठवत नाही. माझ्या व्यायामाचं बळ मला तिथून मिळतं. ताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण अशा विषयात तिच्यासारख्यांचीही नोंद असावी, म्हणून लिहिलं.

गोडोलीकरीण

काठावरची, रागावू कशाला? वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ बसून राहिले. माझी आईसुद्धा शेवटी पलंगावरच पाय हलवायची, आणि मी तिला "जरा जास्त कर की" म्हणायचे. आईंना माझा नमस्कार सांगा.

स्नायू_आणि_सांधे, आज मोजलं. चौदा आले. पंधराव्याला मांड्या थरथरल्या. जेवणानंतर अंगणात बारा मिनिटं फिरले.

बाळ्यादादा, नाही केली चौकशी. रोज नऊ दिवस ज्यांच्या मागं चालले, त्या कुठं राहतात हेही मी विचारलं नाही. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा लाज वाटली.

निवृत्त_चालक_कोल्हापूर

ताई, मी त्याच वयाचा. ७० पूर्ण. एसटीत तेहतीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, कंबर गेलेलीच होती. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत मंडळी गेली. त्यानंतर मी दिवसदिवस दार लावून बसायचो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ओढून रंकाळ्यावर नेलं. पहिल्या दिवशी तिसऱ्या बाकापर्यंत गेलो आणि परत आलो.

फौजा सिंगांचं तुम्ही लिहिलंत, त्यांचीही कथा दुःखाचीच आहे. बायको गेली, मग पंजाबात डोळ्यांदेखत तरुण मुलगा गेला. ते लंडनला दुसऱ्या मुलाकडे आले आणि तिथं पळायला लागले. लोक १०० व्या वर्षीचं टोरंटो सांगतात. मला मात्र त्या माणसाची पहिली सकाळ बघायला आवडली असती, बूट घालून दाराबाहेर पडला ती.

आता तुमच्या प्रश्नाचं. हुरूप मलाही रोज नसतो. सकाळी अंग लाकडासारखं असतं. मी फक्त पहिल्या बाकापर्यंत जायचं ठरवतो. तिथं पोहोचल्यावर परत फिरायची मुभा आहे. दहा-अकरा वर्षांत पाच-सहा वेळाच फिरलो असेन. एकदा ताप होता, एकदा मास्तर गेले त्या दिवशी.

आणि एक विनंती, तरुण वाचतात म्हणून. गेल्या वर्षी एका मुलानं माझा चालतानाचा फोटो काढून टाकला, खाली "प्रेरणास्थान" असं लिहिलं. माझं नाव विचारलं नाही. त्यानं सोबत एक फेरी मारली असती तर मला फार बरं वाटलं असतं. मास्तर गेल्यापासून मी बोलत चालायला माणूस शोधतोय.

आजींना शोधा.

गोडोलीकरीण

आज बारा दिवसांनी लिहितेय. मुद्दाम थांबले होते, आधी काहीतरी करून मगच लिहायचं म्हणून.

आजी सापडल्या. गडाच्या वाटेवर दूध घालणाऱ्या दादांना विचारलं, त्यांनी घर दाखवलं. चार दिवस त्या कोरेगावला लेकीकडे होत्या, नातवाच्या बारशाला. पाचव्या दिवसापासून पुन्हा रोज गडावर जात होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, तू कुठं हुतीस? म्या दूधवाल्याला दोनदा इचारलं, ती लाल ओढणीची पोरगी आजारी पडली का म्हणून."

मी तिथंच ओसरीवर बसले. मी त्यांची वाट बघत होते तेव्हा त्याही माझी चौकशी करत होत्या, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

चहा झाला. त्यांनी हातावर ओंजळभर भिजवलेले शेंगदाणे ठेवले, रात्री भिजत घालतात आणि निघताना कनवटीला बांधून नेतात. मी विचारलं, आजी, तुम्हाला रोज जावंसं कसं वाटतं? त्यांना प्रश्नच कळला नाही. परत विचारलं. त्या म्हणाल्या, "मंगळाईला दिवा कोन लावंल मग?" मंगळाई म्हणजे गडावरची देवी. तिला आधी त्यांच्या सासूबाई दिवा लावायच्या, सासूबाई गेल्यावर या लावतात. गुडघे दुखतात का विचारलं तर म्हणाल्या, दुखतात की, दोन्ही दुखतात, चालायला लागल्यावर तिसऱ्या वळणापर्यंत कमी होतात.

या बारा दिवसांत दहा वेळा गेले. दोन दिवस गेले नाही, एकदा ऑडिट होतं, एकदा खूप पाऊस. पहिल्या दिवशी तर निवृत्त चालक काकांचा नियम लावला, फक्त पहिल्या वळणापर्यंत. काका, तुमच्या मास्तरांबद्दल आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ते साताऱ्याला आले तर गडावर घेऊन ये. मी मनापासून बोलावतेय. खरंच या.

काठावरची, वर पोहोचल्यावर मी तुमच्या आईंसाठी मंगळाईपुढं हात जोडले.

खुर्चीवरून उठणं सतरावर आलंय. वजन सव्वा किलोनं कमी. रक्त जुलैअखेर तपासायचं आहे, आकडा आला की कळवीन.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. आजींकडे मोबाईल नाही. उद्या येत नाही असं सकाळी कळवायची सोयच नाही. आदल्या दिवशी गडावर समोरासमोर सांगावं लागतं, किंवा संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन. ऑडिटच्या आदल्या रात्री मी साडेआठला त्यांच्या दारात गेले होते. त्या काल म्हणाल्या, पावणेसहाला पहिल्या वळणाशी, पिशवीत वातींचा पुडा तू घेऊन ये, माझा संपलाय.

वाती आणल्यात. बुटांशेजारीच ठेवल्यात.