बेंदराला कंडे करायचेत, भोक पाडताना शिंपले फुटतायत – मदत हवी आहे

खिलार_आटपाडी
बेंदूर, म्हणजे आमचा बैलांचा सण, तोंडावर आलाय. बैलांसाठी शिंपल्यांचे कंडे (गळ्यातले पट्टे) आणि म्होरक्या (तोंडावरचा साज) करायला घेतल्यात. ड्रिल टेकवलं की तडकतात. वर वास असा सुटलाय की आई पोतं उकिरड्यावर टाकायला निघालीय. नेमकं सांगा, टाइमपास नको.

मिरजेचा_मास्तर
शिंपले म्हणजे काय? कवड्या, शंख, तिसऱ्या? ड्रिल कोणतं?

खिलार_आटपाडी
सगळं मिक्स आहे. गुहागरला वेचले. ड्रिल घरातलंच, भिंतीचं. त्याचा काय संबंध?

मिरजेचा_मास्तर
हॅमर, म्हणजे ड्रिलचा ठोके मारणारा मोड, चालू असेल तर फुटणारच की! हॅमर बंद कर, डायमंड बिट लाव. शिंपला भिजलेला हवा. कोरडा घासलास तर भुकटी छातीत जाईल, तोंडाला फडकं बांध. आणि पाण्यात बुडवून धरायचं असेल तर विजेचं ड्रिल वापरू नकोस, हाताचं घे.

रंगारी_कराड
एवढी उठाठेव कशाला? संडास धुवायच्या अ‍ॅसिडात बुडवा. वास गायब, चकाकी फुकट.

मिरजेचा_मास्तर
अजिबात नको. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिडात फसफसून झिजतो. आधी ब्लीच वापरून त्यावर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो.

रंगारी_कराड
मी पातळ करून बुडवतो आणि लगेच काढतो. माझी तोरणं येऊन बघा, मग शिकवा.

सुरमई_फॅन
कुंभार्ली घाटात रस्ता कसा आहे आता? शनिवारी गुहागरला निघतोय. मासे कुठे चांगले मिळतात?

खिलार_आटपाडी
अहो घाटाचं दुसरीकडे विचारा ना.

वाळव्याची_आक्का
लेकरा, कवडीला भोक पाडतच नाहीत. फुगीर पाठ पाणी घालून खडबडीत दगडावर घासायची, ती उघडली की आतून दोरा जातो. कवडी चपटी बसते, दातऱ्या तोंडाची बाजू वर. देवीच्या आराध्यांच्या माळेतली एखादी कवडी उलटून बघ. तिसरीचंही तसंच, बिजागरीजवळचा उंचवटा घासत राहायचं, आपोआप भोक पडतं.

इतिहासवेडा
माळेतल्या त्या लहान कवड्या कोकणातल्या नव्हेत. जुन्या काळी मालदीवहून यायच्या, चलन म्हणून चालायच्या.

दर्यावर्दी
कोकणातही खडकाळ किनाऱ्याला कवड्या सापडतात, जात वेगळी. बाकी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काही शंख-शिंपल्यांना संरक्षण आहे, नॉटिलस त्यातलाच. मोठा शंख असेल तर फोटो टाक.

खिलार_आटपाडी
मोठा नाही. आक्का, कवडी जमली! पण वास?

दर्यावर्दी
आत प्राणी मेलेला असणार. उकळून टाचणीने काढ. निघत नसेल तर मातीत पुरून ठेव, मुंग्या साफ करतात.

खिलार_आटपाडी
पुरायला वेळ कुठाय! वासाचे शंख बाजूला काढतो, नुसत्या कवड्या आणि तिसऱ्या ओवतो. दोरा नायलॉनचा चालेल ना?

वाळव्याची_आक्का
मेण लावलेला जाड सुती दोरा घे. आणि तिसऱ्यांच्या कडा घासून बोथट कर, नाहीतर मान हलवली की बैलाला कापतील.

रंगारी_कराड
कडांना अ‍ॅसिड बेस्ट.