प्रूस्त : प्रेम हा भ्रम असेल, तर कला सत्य कशी?

अर्धविराम :
मार्सेल प्रूस्त यांच्या सप्तखंडी कादंबरीचा पहिला खंड (1913) नुकताच वाचला. त्यातल्या स्वान या कलारसिक गृहस्थाला ओदेत ही स्त्री आधी मुळीच आवडत नाही. पण सिस्टाइन चॅपेलमधल्या बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या भित्तिचित्रातल्या सिप्पोराशी (बायबलमधल्या मोशेच्या पत्नीशी) तिचा चेहरा जुळतो असे वाटल्यावर तो त्या चित्राची प्रतिकृती, जणू तिचेच छायाचित्र, टेबलावर ठेवतो आणि तिच्यात गुंतत जातो. प्रेम हा मनाचा खेळ आणि कला हेच सत्य, असे प्रूस्त यांचे मत म्हणून सांगितले जाते. इथे तर भ्रमाला खतपाणी घालते ती कलाच. याचा मेळ कसा घालावा?

तळटीप :
स्वान चित्राकडे कसा पाहतो, हे आधी पाहावे. आपल्या आसक्तीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून तो बोत्तिचेल्लीला साक्षीला बोलावतो. इंग्रज कलासमीक्षक रस्किनच्या ग्रंथाच्या फ्रेंच भाषांतराला 1904 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत प्रूस्त यांनी, ज्याला ते गुरुस्थानी मानत त्या रस्किनवरच, कलेच्या अशा मूर्तिपूजेचा आक्षेप घेतला होता. स्वानचा डच चित्रकार व्हर्मीरवरचा निबंधही रखडतच राहतो (आणि ओदेत विचारते, हे चित्रकार अजून हयात आहेत का!). उलट पाचव्या खंडात आजारी लेखक बेर्गोत त्याच व्हर्मीरचे डेल्फ्ट शहराचे चित्र पाहायला जातो, पिवळ्या भिंतीचा लहानसा तुकडा पाहून आपणही असेच थरावर थर देत लिहायला हवे होते, या विचाराने अस्वस्थ होतो आणि तिथेच कोसळून मरतो. प्रूस्त यांनी 1921 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते चित्र पुन्हा पाहिले होते. बेर्गोतला त्या चित्रातून दिलासा मिळत नाही, स्वतःच्या लेखनाचा उणेपणा तेवढा कळतो.

जुनी वही :
तळटीप, तुमचे विवेचन पटले, तरी स्वानवर त्यात थोडा अन्याय होतो. मत्सर जागा होताच सत्यशोधनाची तरुणपणातली ओढ त्याच्यात परतते, असे प्रूस्त स्पष्ट लिहितात. फक्त ते सत्य आता ओदेतपुरते उरलेले असते. रात्री उजेड दिसणाऱ्या खिडकीवर, ती ओदेतची समजून, तो पाळत ठेवतो, तेव्हा ते काम त्याला जुन्या संहिता लावण्याइतकेच बौद्धिक वाटते, आणि ठोठावल्यावर खिडकी निघते शेजाऱ्याची! म्हणजे सत्याची भूक लागते ती भ्रमातूनच. निवेदक शेवटच्या खंडात अशाच फसगतीला आणि दुःखाला लेखनाची सामग्री मानतो. स्वान ती नुसती भोगतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे : या साऱ्या शोधात ओदेतला स्वतःला काय वाटत होते, हे कादंबरी क्वचितच कळू देते.