मदत हवी आहे : पुनर्विकासाची चर्चा सुरू असलेल्या जुन्या सदनिकेत दीड लाख रुपये कुठे खर्च करावेत?

नमस्कार.

डोंबिवली पूर्वेला १९९३ साली बांधलेल्या चार मजली इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, आम्ही नुकतीच एक वन बीएचके सदनिका विकत घेतली आहे. चटई क्षेत्र ४१० चौरस फूट आहे. घरात आम्ही दोघे, चौदा महिन्यांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे राहणार आहोत. गृहकर्जाचा हप्ता सुरू झाल्यानंतर दुरुस्तीसाठी दीड लाख रुपये हातात उरले असून नजीकच्या काळात त्यात भर पडण्याची शक्यता नाही. ही रक्कम कोणत्या कामांवर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावी, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

खरी अडचण अशी की, सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला, परंतु विकासक ठरलेला नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांचा अनुभव पाहता, घरे रिकामी करण्याची वेळ येण्यास पाच वर्षे लागू शकतात किंवा दहाही. त्यामुळे भिंतीत, फरशीत आणि ओट्यात घातलेला प्रत्येक रुपया त्या दिवशी इमारतीबरोबर पाडला जाणार, हे आम्हांला माहीत आहे. दुसरीकडे, मुलीच्या वाढीची हीच वर्षे आहेत आणि ओल धरलेल्या भिंतींमध्ये ती काढायची आमची तयारी नाही. म्हणून आम्ही ढोबळ नियम असा ठरवला आहे की, आरोग्य आणि सुरक्षितता यांवर जरूर तेवढा खर्च करायचा, आणि केवळ शोभेसाठी किंवा सोयीसाठी घ्यायच्या वस्तू शक्यतो उचलून नेता येतील अशाच घ्यायच्या. पंखे, लोखंडी कपाट, पलंग आणि सुटी मांडणी पुढच्या घरात येतील. भिंतीला ठोकलेले फर्निचर येणार नाही. हा नियम योग्य आहे का, तेही कृपया सांगावे.

आता घराच्या अवस्थेविषयी. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत खिडकीखाली ओलसर आहे. तिथे रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि बोट फिरवल्यास पांढरी भुकटी हाताला लागते. बाथरूमला लागून असलेल्या पॅसेजच्या भिंतीवरही जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत तसाच पट्टा आहे. हॉलच्या छतावर एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे, पण तो सध्या कोरडा आहे. रंगाऱ्याने संपूर्ण घराला पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात असे पस्तीस हजार रुपये सांगितले असून ओलीच्या जागी ‘वॉटरप्रूफ पुट्टी’ लावली की प्रश्न सुटेल, असे त्याचे म्हणणे आहे. ओल कुठून येते हे न पाहता आतून पुट्टी भरणे मला पटत नाही, परंतु ओलीचा उगम शोधायचा कसा, हे मला ठाऊक नाही.

बाथरूम संपूर्ण फोडून नव्याने करण्यासाठी मिस्त्रींनी नव्वद हजारांचा अंदाज दिला आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम तिथेच संपेल. जुन्या फरशांमधले पांढरे सिमेंट ठिकठिकाणी निघून गेले आहे, पण फरशा स्वतः शाबूत आहेत. फरशी न फोडता काही करता येईल का? बाथरूममध्ये आधीच्या मालकांनी बसवलेला गॅस गीझर आहे. तो व्यवस्थित चालतो, म्हणून त्यावर खर्च धरलेला नाही.

विजेची तारजोडणी मूळ बांधकामाच्या वेळची आहे. मुख्य बोर्डावर जुन्या पद्धतीचे फ्यूज आहेत आणि हॉलमधील दोन सॉकेट मुलीच्या हाताला सहज येतील इतके खाली आहेत. संपूर्ण वायरिंग बदलावे की फक्त मुख्य बोर्ड?

खिडक्यांना मुलीला चढता येईल अशी आडव्या सळयांची ग्रिल आहे. ती बदलायची झाल्यास पुन्हा मोठा खर्च. दरवाजे, चौकटी आणि भिंतींचा खालचा कमरेएवढा भाग यांवर जुना ऑइलपेंट असून त्याचे थर एकमेकांवर चढलेले आहेत. तो घासून काढण्याचे रंगाऱ्याने सुचवले आहे. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आणि कडप्प्याचीच फडताळे आहेत. ट्रॉल्या नसल्या तरी आमचे काही अडणार नाही.

आम्ही सध्या भाड्याच्या घरात राहतो आणि पुढील महिनाअखेरपर्यंत तिथे राहू शकतो. पावसाळा सुरू होण्यास अजून चार महिने आहेत. कामांचा क्रम, कोणती कामे पावसाळ्यानंतर ढकलता येतील आणि कोणती मुळीच ढकलू नयेत, हे सांगितल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद १

आपण सविस्तर माहिती दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. सर्वप्रथम, ज्यावर आपण खर्च धरलेला नाही त्याविषयी लिहितो. बाथरूमच्या आत असलेला गॅस गीझर एकही दिवस वापरू नका. बंद आणि लहान खोलीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि दार उघडण्याचेही भान राहत नाही. लहान मुलांचा श्वासोच्छ्वास मोठ्यांपेक्षा जलद असल्याने त्यांच्यावर परिणाम लवकर होतो. गीझर ‘व्यवस्थित चालतो’ म्हणजे पाणी तापते एवढेच. त्यावरून हवा सुरक्षित आहे असे ठरत नाही. तो काढून १५ लिटरचा साठवणीचा विजेचा गीझर बसवा. २ किलोवॉटचा असेल तर तो साधारण ९ अँपिअर वीज घेतो. त्यासाठी मुख्य बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि व्यवस्थित अर्थिंग लागेल.

यावरूनच विजेचा क्रम ठरतो. मुख्य बोर्ड बदलाच, आणि त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घाला. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे रक्षण आरसीसीबी करतो. मुलीने सॉकेटमध्ये काही घातले आणि वीज तिच्या अंगातून जमिनीकडे वाहू लागली, तर तो सेकंदाच्या अगदी लहान भागात पुरवठा तोडतो. जुन्या तारांचे आवरण कुजलेले असेल तर आरसीसीबी वारंवार आपोआप बंद पडेल. तेव्हा ‘हा खराब आहे’ म्हणून वायरमन तो काढून टाकण्याचा सल्ला देतात, तो मुळीच ऐकू नका. तारांची मेगरने (आवरणातून होणारी विजेची गळती तपासण्याच्या उपकरणाने) तपासणी करून घ्या आणि ज्या सर्किटमध्ये गळती सापडेल त्याचीच तार बदला. अशा रीतीने संपूर्ण वायरिंगचा खर्च कदाचित टळेल. खालच्या सॉकेटांना झडप असलेले सॉकेट बसवा.

ओलीच्या तीन जागा म्हणजे बहुधा तीन वेगवेगळे उगम आहेत. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर त्याचा थेट मारा होतो. बेडरूमच्या खिडकीखालची ओल बाहेरच्या गिलाव्यातील भेगांतून किंवा खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून येत असावी. आपल्या हाताला लागणारी पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर विटा-सिमेंटातून बाहेर आलेले क्षार आहेत. त्यावर लावलेली पुट्टी टिकत नाही. खात्रीसाठी फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसले तर पाणी अजूनही भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते खोलीतील हवेचे आहे. पावसाळ्यानंतर इतक्या महिन्यांनीही भिंतीकडून ओल येत असेल, तर भिंत वाळलेली नाही किंवा जवळपास नळ गळतो आहे.

पॅसेजची ओल बाथरूमची आहे. न्हाणी ट्रॅपचे (सांडपाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड कापड आणि प्लास्टिकने बंद करून दोन बोटे पाणी चोवीस तास साठवून ठेवा आणि कडेला पेन्सिलने खूण करा. पातळी लक्षणीय उतरली किंवा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल आली, तर गळती जमिनीतून आहे. त्यांना आधी सांगून ठेवा. पातळी टिकली तर संशय भिंतीतल्या नळांवर जातो, कारण त्या काळातील गॅल्व्हनाइज्ड पाइप आतून गंजतात. गळती जमिनीतून असेल, तर फरशांमधले जुने सिमेंट खरवडून, बाथरूम पूर्ण वाळवून, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी झिरपू न देणारे, फटीत भरायचे मिश्रण) भरणे आणि फक्त न्हाणी ट्रॅपभोवतीची जागा फोडून ट्रॅप नव्याने बसवणे एवढ्यावर पुष्कळदा भागते. त्यात नव्वद हजारांतले बरेच पैसे वाचतील. मात्र नळ फुटलेला असेल तर ग्राउटने काहीही साध्य होणार नाही.

हॉलच्या छतावरचा डाग आपल्या खर्चाचा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (नमुना नियमावलीत) गच्चीतून होणारी गळती आणि तिच्यामुळे वरच्या मजल्यावरील छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेवर सोपवलेली आहे. बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याचेही तसेच. आताच लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि काम पावसाळ्यापूर्वी व्हावे असे त्यात नमूद करा. गच्चीचा कठडा जिथे जमिनीला मिळतो, तिथली गोलसर भरलेली कड, ज्याला मिस्त्री ‘वाटा’ म्हणतात, ती फुटली आहे का हे स्वतः वर जाऊन पाहा. मी पाहिलेल्या बहुतेक गळत्या तिथूनच सुरू झालेल्या होत्या.

त्याच अर्जात आणखी एक विचारा. इमारतीला तीस वर्षे उलटून गेली आहेत आणि अशा इमारतींचे संरचनात्मक परीक्षण दर तीन वर्षांनी व्हावे, असे आदर्श उपविधी सांगतात. शेवटचा अहवाल मागून घ्या. स्लॅबमध्ये सळई गंजल्याचा उल्लेख असेल, तर फरशीवर फरशी बसवून वजन वाढवण्याचा विचार कुणी सुचवला तरी करू नका. शिवाय, पुनर्विकासाला किती वेळ आहे याचा अंदाज सभेतील चर्चेपेक्षा त्या अहवालातून अधिक येईल.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. रंगाविषयी थोडी भर घालते, कारण घरात चौदा महिन्यांचे बाळ आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारा-चौकटींवरचे आणि भिंतींच्या खालच्या भागावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, त्यामुळे त्यांत शिसे आहे असे गृहीत धरूनच वागा. कोरडा पॉलिशपेपर मारला की ती धूळ घरभर बसते. रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते, आणि शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. जिथे थर घट्ट बसलेला आहे तिथे तो मुळीच घासू नका. ओल्या फडक्याने पुसून वर नवीन रंग द्या. जिथे पोपडे सुटले आहेत तिथे पाणी मारून, ओले ठेवून खरवडा आणि निघालेला कचरा पिशवीत बांधून टाका. हे काम तुम्ही राहायला जाण्यापूर्वी व्हायला हवे. नंतर झाडू न मारता सारे घर ओल्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसून काढा.

भिंतींचा रंग मात्र दिवाळीपर्यंत थांबू शकतो. एक पावसाळा घरात काढल्यावर ओल कुठे परतली आणि कुठे नाही, हे भिंतीच सांगतील, आणि पस्तीस हजार रुपये वाळलेल्या भिंतीवर खर्च होतील. तोवर स्वच्छ आणि पोपडे न सुटलेला जुना रंग पाहण्यास बरा नसला तरी बाधक नाही.

ग्रिल बदलू नका. आडव्या सळयांवर मुले शिडीसारखी चढतात, हे खरे. पण आतून बारीक जाळीची उचलून नेता येणारी चौकट स्क्रूने बसवून घेतली की पाय ठेवायला जागा राहत नाही आणि डासही अडतात. पलंग आणि टेबल खिडकीखाली ठेवू नका. लोखंडी कपाट मात्र भिंतीला एल-पट्टीने बांधाच, कारण मूल खण ओढून वर चढले की ते पुढे कलंडते. पट्टी ओलसर भिंतीत ठोकू नका. तिथे प्लग धरत नाही. आणि बाथरूममध्ये भरलेली बादली कधीही ठेवू नका. या वयाचे मूल वाकून डोक्यावर पडले तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गॅस गीझर आजच बंद करून त्याची जोडणी काढायला सांगितली आहे, आणि गळतीविषयीचा अर्ज उद्या सचिवांकडे देत आहोत. न्हाणीची चाचणी शनिवारी करू. खालच्या शेजाऱ्यांशी बोलणे झाले आहे. आता क्रम असा धरला आहे : आधी विजेचा बोर्ड आणि गीझर, नंतर बाथरूमचे सांधे व ट्रॅप, त्यानंतर दारा-चौकटींवरचा सुटलेला रंग ओला करून खरवडणे, आणि राहायला जाण्यापूर्वी जाळ्या व कपाटाची पट्टी. रंगाची रक्कम दिवाळीसाठी बाजूला ठेवली आहे.

एक शंका उरते. चाचणीत भिंतीतला नळ गळत असल्याचे निघाले, तर तो शोधण्यासाठी भिंत फोडण्याऐवजी जुनी जोडणी तशीच बंद करून भिंतीबाहेरून नवीन सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा) पाइप फिरवावा, असे मिस्त्री सुचवतात. दिसायला ते बरे दिसणार नाही, पण खर्च कमी आहे आणि पुढे गळती झाल्यास लगेच डोळ्यांना दिसेल. असे कुणी केले असल्यास गरम पाण्याच्या पाइपला मुलीचा हात लागू नये म्हणून तो किती उंचीवरून न्यावा आणि त्यावर कोणते आवरण घालावे, हे कृपया सांगावे.