विषय: पीएस५, लॅपटॉप, आयपॅड आणि स्विच – सगळीकडे चालणारा एक कंट्रोलर मिळेल का?

प्रेषक: मेधा
रविवार, रात्री

नमस्कार मंडळी,

चिन्मयला पुढच्या महिन्यात तेरावं लागतंय. नाशिकहून आजीआजोबांनी वाढदिवसाचे पैसे पाठवलेत आणि त्यानं ठरवून टाकलंय की यातून व्हिडिओ गेमचा स्वतःचा कंट्रोलर घ्यायचा. घरच्या पीएस५ला (प्लेस्टेशनला) चालला पाहिजे, विंडोज लॅपटॉपला चालला पाहिजे, आयपॅडला चालला पाहिजे, आणि नाताळात टोरांटोला मावशीकडे गेलो की तिथल्या निन्टेंडो स्विचलाही. शेजारच्या मित्राकडे एक्सबॉक्स आहे, तिथं तर रोजच बैठक असते.

काल दुकानात पाऊण तास उभी होते. एका खोक्यावर ‘पीसी, अँड्रॉइड’, दुसऱ्यावर ‘स्विच, पीसी’, तिसऱ्यावर नुसतंच ‘ब्लूटूथ’. ब्लूटूथ आहे म्हणजे कशालाही जोडता येईल, असं मी धरून चालले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, तसं नसतं. पण का नसतं, ते त्याला सांगता येईना. मी रिकाम्या हातानं परत आले.

ऐंशी डॉलरपर्यंत तयारी आहे. आजीआजोबांचे पैसे आहेत, ते वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. आणि मार्चमध्ये बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. नातवाबरोबर खेळायचं त्यांनी फोनवर कबूल केलंय. त्यांचे हात आता थोडे कापतात. त्याचाही विचार करता आला तर बरं.

मेधा


प्रेषक: निखिल
सोमवार, सकाळी

मेधाताई,

आधी सरळ उत्तर देतो. पीएस५, एक्सबॉक्स आणि स्विच या तिन्ही मशीनना जसाच्या तसा चालेल असा कंट्रोलर बाजारात शोधू नका. ब्लूटूथ ही नुसती वाट झाली. त्या वाटेनं कोण आलं आणि त्याला आत घ्यायचं की नाही, हे पलीकडचं मशीन ठरवतं. पीएस५ सोनीचा स्वतःचा किंवा सोनीनं परवाना दिलेलाच कंट्रोलर घेतं. एक्सबॉक्स तर कंट्रोलरशी ब्लूटूथनं बोलतच नाही, मायक्रोसॉफ्टची स्वतःची वेगळी बिनतारी पद्धत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्यांनी बिनपरवान्याची उपकरणं अडवायलाही सुरुवात केली. म्हणून एक्सबॉक्ससाठी कुणी काही घेत असेल तर खोक्यावर ‘डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स’ हा शिक्का बघूनच घ्या.

याउलट लॅपटॉप, आयपॅड आणि अँड्रॉइड फोन ही मंडळी मोकळ्या मनाची. ॲपलनं २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर पीएस४ आणि एक्सबॉक्सचे ब्लूटूथ कंट्रोलर आयफोन-आयपॅडला चालतील अशी सोय केली. पीएस५चा ड्युअलसेन्स २०२१ मध्ये, १४.५ पासून चालायला लागला. स्विचचे कंट्रोलर आयओएस १६ पासून.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: घरातलं सगळ्यांत हट्टी मशीन कोणतं ते बघा आणि कंट्रोलर त्याच्या पसंतीचा घ्या. बाकीची मशीनं जमवून घेतात. तुमच्याकडे ते मशीन पीएस५ आहे, तेव्हा चिन्मयसाठी ड्युअलसेन्स. किंमत पंचाहत्तरच्या आसपास, सेलमध्ये बरीच उतरते. जुना पीएस४चा ड्युअलशॉक ४ स्वस्तात मिळतो म्हणून मोहात पडू नका. तो पीएस५ला जोडला जातो, पण त्यावर फक्त पीएस४चे खेळ चालतात. पीएस५चा खेळ लावला की मशीन नवा कंट्रोलर मागतं.

लॅपटॉपवर एक अडचण येईल, ती आताच सांगून ठेवतो. विंडोजवरचे बरेचसे खेळ एक्सबॉक्सचा कंट्रोलर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. स्टीममधून, म्हणजे पीसीचे खेळ जिथं विकत घेतात त्या ॲपमधून, खेळ चालू केला तर ते ॲप दोघांमधला दुभाषी होतं आणि ड्युअलसेन्स सुरळीत चालतो. स्टीमबाहेरच्या काही खेळांना मात्र तो ओळखूच येत नाही, तेव्हा डीएस४विंडोजसारखं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. आणि हातातल्या ड्युअलसेन्सच्या बटणांवर त्रिकोण-चौकोन असताना पडद्यावर ‘एक्स दाबा, वाय दाबा’ येत राहतं. पोरांना दोन दिवसांत सवय होते.

अक्षरांचा खरा गोंधळ स्विचवर होतो. एक्सबॉक्सवर ‘ए’ खाली आणि ‘बी’ उजवीकडे. स्विचवर ‘बी’ खाली आणि ‘ए’ उजवीकडे. एक्स-वाय यांचीही तशीच अदलाबदल. माझी लेक मामेभावाकडून परत आली की पहिला अर्धा तास ‘हो’ म्हणायचं तिथं ‘नको’ दाबते आणि रडकुंडीला येते. अंगठ्याला अक्षर लक्षात राहत नाही, जागा लक्षात राहते.

टोरांटोच्या स्विचसाठी वेगळा कंट्रोलर घ्यायची गरज नाही. एटबिटडू कंपनीचा यूएसबी ॲडॉप्टर मिळतो, बोटाच्या पेराएवढा. तो स्विचच्या टीव्हीला जोडलेल्या डॉकमध्ये खोचायचा आणि ड्युअलसेन्स त्याच्याशी पेअर करायचा. मशीन स्विच २ असेल तर ॲडॉप्टरचं सॉफ्टवेअर आधी अद्ययावत करून न्या. शेजारच्या एक्सबॉक्सवर त्याच मित्राचा दुसरा कंट्रोलर वापरावा, त्यावर खर्च करू नका.

निखिल


प्रेषक: सचिन
सोमवार, दुपारी

निखिल, मला एक मुद्दा मांडायचाय. तू मशीनचं सांगितलंस, पण कंट्रोलरवर अंगठ्यानं फिरवायची जी दांडी असते, तिचं काय?

आमच्याकडे दीड वर्षात एका कंट्रोलरची डावी दांडी गेली. टेबलावर ठेवला, कुणी हात लावलेला नाही, आणि पडद्यावरचा माणूस आपला हळूहळू भिंतीकडे चालत निघालाय. मुलगा बघत उभा. त्यानं स्वतःच्या पैशांतून घेतला होता तो. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

दांडीच्या आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावर धातूची पट्टी घासत फिरते, आणि त्यावरून मशीनला दिशा कळते. घासून घासून तो पट्टा झिजतो, मग दांडी मधोमध असूनही मशीनला ती कलल्यासारखी वाटते. यालाच सगळे ड्रिफ्ट म्हणतात. ड्युअलसेन्समध्ये आणि एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरमध्ये हीच रचना आहे. हॉल इफेक्टवाल्या दांडीत चुंबक आणि सेन्सर असतो, एकमेकांना घासण्यासारखं काही नाही. पन्नास डॉलरच्या आतबाहेर असे कंट्रोलर मिळतात. लॅपटॉप, स्विच आणि फोन एवढंच वापरणार असाल तर माझा सल्ला डोळे मिटून तोच. आम्ही नंतर तोच घेतला.

एटबिटडू प्रो २ या कंट्रोलरला सुरुवातीला हॉलची दांडी नव्हती, पण त्याच्या पाठीमागे एक बारीक खटका आहे: एस, ए, डी, एक्स. एसवर स्विच, डीवर अँड्रॉइड, एक्सवर विंडोज. मशीन बदललं की खटका सरकवायचा. मेनूत शिरायला नको, काही नको. मला ती कल्पना फार आवडली. पण पीएस५ला यातलं काहीच चालत नाही, हे तू म्हणतोस ते खरंच आहे.

सचिन


प्रेषक: निखिल
सोमवार, दुपारी

सचिन, बरोबर बोललास. मेधाताई, ड्युअलसेन्स घेतलात तर पावती जपून ठेवा आणि वॉरंटी किती ते पहिल्याच दिवशी बघा. थोडाफार ड्रिफ्ट असेल तर बऱ्याच खेळांमध्ये डेडझोन वाढवून भागतं. म्हणजे दांडी अमुक इतकी कलेपर्यंत तिकडे दुर्लक्ष कर, असं खेळाला सांगायचं. तेवढ्यानं काही महिने निघतात.


प्रेषक: अप्पा
मंगळवार, पहाटे

मेधा,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि झोप लागेना, म्हणून आत्ताच लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मला पक्षाघाताचा झटका आला. डाव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नाहीत. मी कऱ्हाडहून लेकीकडे आलो तेव्हा नात आठ वर्षांची होती. ती कंट्रोलर माझ्या हातात द्यायची आणि मी तो मांडीवर ठेवून नुसता बसायचो. नवीन कंट्रोलर बघ कसे असतात: दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या, सगळं एकाच वेळी लागतं. माझ्याकडे त्यातलं निम्मंच शाबूत.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी जावयाला मायक्रोसॉफ्टच्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरबद्दल सांगितलं. २०१८ मध्ये निघालाय तो. पोळपाटासारखा सपाट मांडीवर राहतो, वर तळहाताएवढी दोन काळी बटणं, आणि मागच्या कडेला हेडफोनला असतात तशी १९ भोकं. ज्याला जे जमेल ते त्या भोकांत जोडायचं. मी पायानं दाबायचं एक पेडल जोडलंय. मोटारींच्या शर्यतीत ॲक्सिलरेटर माझ्या उजव्या पायाखाली असतो. पस्तीस वर्षं जीप चालवली, त्या पायाला काही शिकवावं लागलं नाही.

पण तो एक्सबॉक्स आणि विंडोजसाठी. तुमच्याकडे पीएस५ आहे. सोनीनं २०२३ च्या डिसेंबरमध्ये ॲक्सेस नावाचा गोल कंट्रोलर आणलाय, टेबलावर सपाट ठेवून वापरायचा. मी तो हाताळलेला नाही. तुझ्या बाबांना लगेच तो लागेल असंही मला वाटत नाही. नुसते हात कापत असतील तर आधी दुसरं एक करून बघ.

एकाच खेळाडूसाठी दोन कंट्रोलर एकत्र जोडता येतात. एक्सबॉक्सवर ही सोय आधीपासून आहे, आणि पीएस५वरही २०२३ पासून आली. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कंट्रोलर, आणि तिथं साहाय्यक कंट्रोलरचा पर्याय. दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर, पण पडद्यावर माणूस एकच. आमच्याकडे नात डावी दांडी सांभाळते, म्हणजे चालणं-वळणं तिचं. उडी आणि मारामारी माझी. ती ओरडते, “अप्पा, आत्ता!” आणि मी दाबतो. चुकलं तर दोघांचं चुकतं, जिंकलं तर दोघं जिंकतो. बाहेरून आवाज ऐकून लेक बघायला येते, भांडण लागलं की काय म्हणून.

तेव्हा चिन्मयसाठी घेतलेला ड्युअलसेन्स तुमच्या घरातला दुसरा ठरेल, आणि याला दोनच लागतात. बाबांची भेंडी कापायची पद्धत, चष्मा लावायची पद्धत बघ, कोणता हात जास्त कापतो ते कळेल. त्या हाताची बटणं चिन्मयकडे.

अप्पा


प्रेषक: वृषाली (कार्यकारिणी)
मंगळवार, सकाळी

अप्पा, तुमचं पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवलं.

विषय निघालाच आहे तर मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काय झालं ते लिहिते, म्हणजे संक्रांतीला तसं होणार नाही. हॉलमधल्या पीएस५ भोवती अकरा मुलं होती, चौघांनी घरून कंट्रोलर आणले होते. मधलं बटण दाबलं की कंट्रोलर घरच्या मशीनला शोधायचा, निळा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. मग कुणी म्हणालं, केबलनं जोडा, लगेच ओळख पटते. खरं आहे ते. पण आमच्याकडे होत्या त्या तिन्ही केबल फक्त चार्जिंगच्या निघाल्या, त्यातून माहिती जातच नाही. चाळीस मिनिटं मुलं बसून राहिली आणि शेवटी पत्ते काढले. लहान मुलं हिरमुसली त्याचं मला फार वाईट वाटलं.

या वेळी मी डेटा चालणाऱ्या दोन यूएसबी-सी केबल आणून, त्यांना लाल चिकटपट्टी लावून मंडळाच्या कपाटात ठेवल्यात. पालकांनी कंट्रोलरवर मुलाचं नाव घालून पाठवावं, गेल्या वेळी दोन पांढऱ्यांची अदलाबदल झाली होती. एक्सबॉक्सवाल्यांनी पेन्सिल सेलची जोडी जास्तीची आणावी, त्यात चार्जिंगची बॅटरी नसते.

वृषाली


प्रेषक: मेधा
शनिवार, रात्री

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्युअलसेन्स घेतला, साठ डॉलरला पडला. पावती फडताळात, वॉरंटीची तारीख फ्रिजवर. उरलेल्या पैशांतून ॲडॉप्टर मागवलाय. मावशीला विचारलं, तिची स्विच जुनीच आहे.

लॅपटॉपवर निखिल म्हणाला तसंच झालं: स्टीमवर एका मिनिटात, दुसऱ्या एका खेळावर काहीच नाही. आयपॅडला जोडायला क्रिएट आणि पीएस ही दोन बटणं एकदम दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. मी आधी पटकन सोडत होते.

अप्पा, साहाय्यक कंट्रोलरची सोय सापडली. काल जेवणानंतर चिन्मय म्हणाला, आजोबा यायच्या आधी आपण दोघं शिकून घेऊ. मी आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. त्यानं मला फक्त दोन बटणं दिली, फुली आणि चौकोन, आणि कधी दाबायचं ते खांद्यावर बोट टेकवून सांगत राहिला. एक पूल ओलांडायला आम्हाला चौदा वेळा लागलं. त्यानं मोजलं.

आज सकाळी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी त्यांना चहाचा कप उचलताना नीट पाहिलं. उजवा हात जास्त कापतो, डावा बराच स्थिर आहे. म्हणजे चालणं-वळणं बाबांकडे आणि उडी चिन्मयकडे. तुमच्या घरातल्यापेक्षा उलटं. चिन्मयला सांगितलं तर तो म्हणाला, “मग आजोबा नेतील तिकडे मी.”

मेधा