‘कान्ट फेस’ म्हणजे ‘तोंड देऊ शकत नाही’?

अंबडहून:

आमच्या कारखान्याचं एक गिऱ्हाईक इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या बाईंशी माझं रोज मेलवर बोलणं असतं. गेल्या शुक्रवारी त्यांनी लिहिलं, ‘सॉरी, आय कान्ट फेस अनदर कॉल टुडे.’ साहेबांनी विचारलं काय म्हणतात, तर मी सांगून टाकलं, ‘त्या आज आणखी एका कॉलला तोंड देऊ शकत नाहीत.’ साहेब खुर्चीतून उठलेच. ‘का? माल परत आला की काय?’ तसं काही नव्हतं. बाई दिवसभराच्या कॉलनी कंटाळल्या होत्या, सोमवारी छान बोलल्या. पण शब्दकोशात ‘फेस’ला तोंड देणे, सामोरे जाणे एवढंच सापडतं. इथे काय म्हणायला हवं होतं? आणि या अर्थाने हा शब्द मला नेहमी नकारातच का भेटतो?

सिडकोतून:

‘आज आणखी कॉल नको वाटतोय त्यांना.’ झालं. एवढं काय त्यात!

गंगापूर रोडवरून:

‘नको वाटतोय’ जवळ जातं. पण नकाराबद्दलचं निरीक्षण चांगलं आहे, त्यावर थोडं लिहितो. ‘फेस’ होकारात आला की त्याला वजन असतं. संकट, सत्य, शत्रू, दंड अशा गोष्टी ‘फेस’ करतात. त्याच्यामागे ‘कान्ट’ किंवा ‘कुडन्ट’ लागलं की तोच शब्द घरगुती होतो. मग त्याच्यापुढे खरकटी भांडी येतात, इस्त्रीचे कपडे येतात, सकाळचा नाश्ता येतो. ‘आय कान्ट फेस द वॉशिंग अप’ हे ब्रिटिश घरात अगदी रोजचं वाक्य. होकारात ‘आय फेस्ड द वॉशिंग अप’ म्हटलं तर विनोद होईल, जणू भांड्यांशी लढाई झाली. प्रश्नात मात्र चालतं: ‘कॅन यू फेस अनदर कप?’

पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतं. ‘आय कान्ट फेस टेलिंग हिम.’ आपल्याकडे मुलं सर्रास ‘कान्ट फेस टू टेल’ लिहितात, ते चूक.

‘कान्ट स्टँड’शी गल्लत करू नका. रविवारच्या मिसळीवरून सांगतो, नाशकात दुसरं उदाहरण सुचतच नाही. ‘आय कान्ट स्टँड मिसळ’ म्हणणाऱ्याला मिसळ मुळातच आवडत नाही (असा माणूस इथे कसा राहतो देव जाणे). ‘आय कान्ट फेस मिसळ’ म्हणणारा पक्का मिसळवाला असू शकतो. काल रात्री लग्नात जास्त झालंय, तर्रीच्या विचारानेच पोट ढवळतंय, एवढंच. ‘स्टँड’मध्ये कायमची नावड आहे. ‘फेस’मध्ये समोर येऊन ठाकलेलं काहीतरी आहे आणि या घडीला त्यासाठी मनाचं बळ नाही.

जुन्या नाशकातून:

सगळे ‘तोंड’ शब्दाभोवती फिरताय. मराठीत ही छटा नामात नाही, क्रियापदाच्या रूपात आहे. जाववत नाही. खाववत नाही. बघवत नाही. सांगवत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. गंमत बघा, हेही ‘कान्ट फेस’सारखंच नकारात रमतं. पुस्तकात ‘मला आता चालवते’ असं उदाहरण असतं, पण बोलताना आपण ‘चालवत नाही’ किंवा ‘चालवेना’ म्हणतो. होकार बहुधा प्रश्नातच ऐकू येतो: ‘तुला बघवतं तरी कसं?’

आणखी एक. इंग्रजीत ‘आय’ कर्ता आहे, जणू धैर्य त्याच्या ताब्यात होतं आणि ते कमी पडलं. मराठीत ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. मला जाववत नाही. दोष माझ्याकडे येतच नाही. मला आपली ही सोय फार आवडते.

नाशिकरोडवरून:

काका, पण सासऱ्यांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, तिथे ‘कान्ट फेस’ म्हणता येईल का?

जुन्या नाशकातून:

नाही. ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. आपलं ‘-वत नाही’ शरीराचंही आहे आणि मनाचंही. ‘कान्ट फेस’ फक्त मनाचं. गुडघे ठणठणीत असून चौथ्या मजल्यावर भाडं मागायला जायचा धीर होत नाही, तिथे ते शोभेल. शिवाय प्रत्येक क्रियापदाला हे रूप गोडही लागत नाही. ‘घासवत नाही’ कोण म्हणतं? तिथे आपण ‘भांडी घासायचं जिवावर आलंय’ म्हणतो.

अंबडहून:

म्हणजे तोंड पूर्ण बादच? दुतोंड्या मारुतीच्या गावात हे बरं नाही. गोदेला पूर किती चढला, ते आपण त्याच्या गुडघ्यावरून नि छातीवरून सांगतो, तोंडावरून सांगायची वेळ न येवो!

गंगापूर रोडवरून:

बाद नाही. समोर माणूस असेल आणि मधे लाज असेल, तर मराठीतही तोंडच येतं. ‘आय कान्ट फेस हिम’ला ‘आता त्याला कुठल्या तोंडाने भेटू?’ यापेक्षा चांगलं काही सुचत नाही. किंवा ‘त्याच्यासमोर जायला तोंड नाही मला.’ उसने पैसे फेडले नाहीत, दिलेला शब्द पाळला नाही, अशा जागी. मधे लाज नसून नुसती भीती असेल, तर ‘धजत नाही’.

बातम्यांतला नकार मात्र निराळा. ‘ही वोन्ट फेस चार्जेस’ यात भित्रेपणाचा संबंध नाही. माणूस सुटला, त्याच्यावर आरोप ठेवले जाणार नाहीत, एवढाच अर्थ. तरी मराठीत ‘आरोपांना सामोरे जावे लागणार नाही’ असं लांबलचक छापतात. आणि ‘द हाउस डझन्ट फेस ईस्ट’ म्हणजे घर पूर्वमुखी नाही. दलालाला विचारा.

सिडकोतून:

आणि ‘लूज फेस’? तेही याच घरचं का?

गंगापूर रोडवरून:

नाही, ते चिनी वाक्प्रचारावरून इंग्रजीत आलं, एकोणिसाव्या शतकात. तिथे ‘फेस’ नाम आहे, अर्थ इभ्रत. आपलं ‘नाक कापलं जाणं’. म्हणजे चेहऱ्यावरचंच, फक्त थोडं वर सरकलं.

अंबडहून:

आज बाईंचा नवा मेल आला: ‘आय कुडन्ट फेस लंच.’ मी साहेबांना सांगितलं, ‘त्यांना दुपारी जेवण गेलं नाही.’ ते म्हणाले, ‘अरेरे, तब्येत विचार.’ म्हणजे या वेळी जमलं ना?

जुन्या नाशकातून:

जवळजवळ. ‘जेवण गेलं नाही’ म्हणजे ताटावर बसल्या, पण घास उतरेना. ‘कुडन्ट फेस’मध्ये बहुतेक त्या ताटापर्यंत पोचल्याच नाहीत. ‘जेवायची इच्छाच होईना’ म्हणा. तब्येत मात्र विचारा.