हेड कोचला काढलं, भाचा म्हणतो मी पण कॉलेज सोडतो (अमेरिकन फुटबॉल), जाणकारांनी सांगा

कर्वेनगरचा_मामा
नमस्कार मंडळी, इथे क्रिकेट-कबड्डीवालेच जास्त आहेत माहितीये, पण तिकडे शिकून परत आलेलेही बरेच आहेत म्हणून टाकतोय. माझी धाकटी बहीण अमेरिकेत ईस्ट कोस्टला असते. तिचा मुलगा तिथलाच जन्माचा, दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल करतोय आणि कॉलेजच्या फुटबॉल टीमचा किकर आहे. फुटबॉल म्हणजे आपला नाही, ते हेल्मेटवालं. शाळेत सॉकर खेळायचा, लाथ जोरात बसते बघून कोणीतरी तिकडे ओढला. स्कॉलरशिप नाही, वॉक-ऑन आहे, म्हणजे फी आईबापच भरतात. यंदा तीन मॅचला उतरवला तोही फक्त किकऑफपुरता (खेळ सुरू करताना मारायची ती किक).

आता झालंय असं की सीझन चालू असतानाच हेड कोचला काढलं, त्याच्याबरोबर किकर लोकांना बघणारा स्पेशल टीम्सचा कोचही चाललाय. नवीन हेड कोच गेल्या आठवड्यात जाहीर झाला. तर पोरगा म्हणतो मी ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकतो, सगळेच टाकतायत. भाऊजी म्हणतात खेळ गेला खड्ड्यात, डिग्री कर. बहीण रोज रात्री फोन करून मलाच विचारते दादा तू काय म्हणतोस, आणि आमचे आप्पा इथे आरामखुर्चीतून म्हणतात की एकदा कॉलेज घेतलं की घेतलं, फर्ग्युसन सोडून मधेच कोणी एसपीला जातं का. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. कोच बदलला की मुलं खरंच अशी जातात का आणि यानं जावं का?

कोलंबस_रिटर्न
मामा, मी ओहायो स्टेटला एमएस केलंय आणि अजूनही रविवारी पहाटे सहाला उठून मॅच बघतो (बायको मला वेडा समजते ते सोडा). जातात, आणि झुंडीनं जातात. पण आधी हे पोर्टल काय ते समजून घ्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या तिथल्या संघटनेनं, सुरू केलं. त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी बोलायलासुद्धा आपल्या कॉलेजची परवानगी लागायची आणि वर गेल्यावर एक वर्ष बाहेर बसायचं. २०२१ पासून एकदा बदललं तर बसावं लागत नाही असं झालं, आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला, मार्क आणि क्रेडिट ठीक असले की बास. थोडक्यात वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवल्यासारखं आहे, नाव घातलं म्हणजे स्थळ येईलच असं नाही पण आपण बघतोय हे गावभर झालं.

कोच गेल्यावरची मोठी उदाहरणं म्हणजे अलाबामाचा कोच निक सेबन १० जानेवारी २०२४ ला रिटायर झाला, आणि तेव्हाच्या नियमानं कोच गेला की त्या टीमच्या मुलांना ३० दिवस पोर्टल उघडं असायचं. केलेब डाउन्स, त्यांचा सगळ्यात भारी पहिल्या वर्षाचा पोरगा, सरळ आमच्याकडे ओहायो स्टेटला आला आणि पुढच्या जानेवारीत आम्ही नोत्र दामला ३४-२३ हरवून चॅम्पियन झालो. आता दुसरा बघा, केडिन प्रॉक्टर, तोही अलाबामाचा स्टार, तो आयोवाला गेला आणि एकही मॅच न खेळता दोन-तीन महिन्यात परत अलाबामाला आला. त्याला परत घेतला कारण तो प्रॉक्टर होता. तुमच्या भाच्यासारख्या वॉक-ऑनसाठी जुनं कॉलेज जागा राखून ठेवेल असं धरून चालू नका, आणि स्कॉलरशिपवाल्यांची तर नाव टाकल्यावर टर्म संपताच स्कॉलरशिप काढून घ्यायची कॉलेजला मुभा असते.

घाई करायची गरज नाही हे मात्र त्याला सांगा. आता नियम असाय की नवीन हेड कोच जाहीर झाल्यावर पाच दिवसांनी त्या टीमसाठी १५ दिवसांची विंडो उघडते, आणि सगळ्यांसाठीची वेगळी २ ते १६ जानेवारी २०२६. एप्रिलची जुनी विंडो मात्र २०२६ पासून बंद.

जिमखाना_बॉय
जाऊदे की त्याला राव!! नवीन कोच आपली पोरं घेऊन येतो, जुन्यांना कोण विचारतो. डिऑन सँडर्स २०२२ च्या शेवटी कोच म्हणून कोलोरॅडोला गेला तेव्हा पहिल्याच मीटिंगला जुन्या पोरांना सांगून टाकलं होतं की पोर्टल बघा, आणि जॅक्सन स्टेटमधनं स्वतःचा मुलगा आणि ट्रॅव्हिस हंटर घेऊन आला, हंटरनं २०२४ ची हाइजमन मारली, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या बेस्ट खेळाडूची ट्रॉफी. कोच सिग्नेटी जेम्स मॅडिसनमधनं डझनभर पोरं इंडियानाला घेऊन गेला, २०२३ ला ३-९ असलेली टीम पुढच्याच वर्षी ११-२. म्हणजे कोचच्या मागे जाणारेच जिंकतात. आणि आता पैसे पण मिळतात भाऊ, ऑफिशियल.

कोलंबस_रिटर्न
@जिमखाना_बॉय अरे पण ती सगळी पोरं कोचनं *नेलेली* आहेत. केलेब विल्यम्स ओक्लाहोमाहून कोच लिंकन रायलीमागे यूएससीला गेला तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे टीमचा डाव चालवणारा मुख्य खेळाडू, रायलीला हवाच होता. मामांच्या भाच्याच्या कोचला काढलंय, त्यालाच अजून नोकरी नाही, तो कुठे नेणार? त्याला नवीन जागा मिळाली आणि त्यानं स्वतःहून फोन केला तर गोष्ट वेगळी. पेन स्टेटनं कोच जेम्स फ्रँकलिनला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काढला आणि नोव्हेंबरात तो व्हर्जिनिया टेकला लागला, असंही होतं, पण तिथेही तो आधी कोणाला फोन लावणार? किकरला? ते पण तिसऱ्या नंबरच्या?

आणि पैशाचं, ते २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर कॉलेजं वर्षाला २ कोटी डॉलरच्या आसपास खेळाडूंना वाटू शकतात हे खरं, पण त्यातला मोठा वाटा क्वार्टरबॅक वगैरे मंडळींचा. वॉक-ऑन किकरला बूट आणि जेवण. उलट त्याच सेटलमेंटनं टीमवर १०५ खेळाडूंची मर्यादा आणली. पूर्वी स्कॉलरशिप ८५ असायच्या पण वर वॉक-ऑन कितीही ठेवायचे, १२० च्या पुढे टीम जायची. आता नवीन कोचनं पोर्टलमधून स्वतःचा किकर आणला तर पहिली कुऱ्हाड वॉक-ऑनवरच. म्हणून मामा, भाच्यानं नवीन कोचला नाही तर नवीन स्पेशल टीम्स कोचला तोंडावर विचारायला हवं की मी तुमच्या १०५ मध्ये आहे का. हेड कोचला किकरचं नावही माहीत नसतं बऱ्याचदा.

शनिवारवाडा_आजोबा
कोच गेला की पोरं जातात यात अमेरिकेचं काय कौतुक. बालेवाडीला आपल्या फुटबॉलची एफसी पुणे सिटी आपण डोळ्यांनी बघितली, २०१४ ते १९ मध्ये कोच किती बदलले मोजा, आणि शेवटी क्लबच गेला हैदराबादला. कोच फिल ब्राउन तिकडे गेला, खेळाडू मार्सेलिन्यो तिकडे गेला. राहिलो कोण, आम्ही, स्कार्फ घेऊन. पोराला म्हणावं तुझं बघ.

औंधची_वैशाली
मामा, मी तिकडे एका युनिव्हर्सिटीच्या ॲडव्हायझिंग ऑफिसात बरीच वर्षं काम केलंय, खेळाडू मुलांची फाइल माझ्याकडे यायची. इथे सगळे कोचवर बोलतायत पण मेकॅनिकलचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

एनसीएएचा नियम असा की तिसऱ्या वर्षाला खेळायचं तर तुमच्या डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला हवा, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. हे टक्के *नवीन* कॉलेजच्या डिग्रीवर मोजतात. भाच्यानं स्टॅटिक्स, थर्मो जे काही केलंय ते नवीन कॉलेज तसंच्या तसं घेईल याची गॅरंटी नाही, खूपदा ते मोकळं इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून टाकतात आणि मग ४० टक्के भरत नाहीत. मग काय करतात तर मुलाला इंजिनिअरिंग सोडायला लावून कुठल्यातरी सोप्या जनरल डिग्रीला घालतात, तिथे सगळी क्रेडिट्स बसतात, पोरगा खेळायला मोकळा. असं झालेली मुलं मी माझ्या टेबलापलीकडे बसलेली बघितली आहेत आणि त्यातल्या कितीतरींना ते सही केल्यावर कळलं होतं. भाऊजींची भीती अगदीच चुकीची नाहीये, फक्त ते चुकीच्या ठिकाणी भांडतायत. खेळ की डिग्री असं नाही, कुठल्या कॉलेजमध्ये *हीच* डिग्री चालू राहील ते विचारा, आणि तेही लेखी, त्या इंजिनिअरिंग डिपार्टमेंटकडून, कोचकडून नाही. कोच सगळ्याला हो म्हणतो.

दुसरं, आत्ताचं कॉलेज त्यांच्याच राज्यातलं सरकारी असेल तर फी कमी असणार. राज्याबाहेर गेला तर बऱ्याच ठिकाणी दुप्पट किंवा त्याहून जास्त, आणि वॉक-ऑन म्हणजे ती तुमच्या बहिणीच्या खिशातून.

आणि तीनच मॅच खेळलाय ना? चारपर्यंत चालतं, त्याचं हे वर्ष रेडशर्ट म्हणून वाचू शकतं, म्हणजे सीझन मोजला जात नाही. पाच वर्षात चार सीझन असा हिशोब असतो, म्हणजे एक वर्ष तिथेच थांबून बघण्याएवढी सवड आहे त्याला.

जिमखाना_बॉय
@औंधची_वैशाली ताई हे क्रेडिटचं माहीत नव्हतं. पण थांबून बघायचं म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत बेंचवर बसायचं ना, किकरला बेंचवर बसून कोण बघणार?

कोलंबस_रिटर्न
किकरचं तेवढं एक बरं असतं, त्याचा व्हिडिओ मॅचमधलाच पाहिजे असं नाही. बऱ्याच मुलांचे खासगी किकिंग कोच असतात, उन्हाळी कॅम्प असतात, कुठल्या कॉलेजला किकर हवाय ते त्यांना सगळं ठाऊक असतं. पोर्टलमध्ये नाव जाण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचनं बोलणं नियमात बसत नाही, त्यामुळे कानोसा घ्यायचा तर तो असाच, आडून. जिथे यंदाचा किकर शेवटच्या वर्षाचा होता अशा टीम बघायच्या, जागा तिथेच होते. कुठूनच विचारणा नाही आली तर नाव टाकू नये, माझं स्पष्ट मत.

कर्वेनगरचा_मामा
सगळ्यांचे आभार, वैशालीताई तुमचं तर खासच. तुमचं सगळं बहिणीला वाचून दाखवलं, भाऊजी स्पीकरवर होते, इलेक्टिव्हवालं ऐकून पहिल्यांदा गप्प झाले. कॉलेज राज्यातलंच सरकारी आहे, त्यामुळे फीचा मुद्दा लगेच पटला. भाचा जरा फुगलाय पण नवीन स्पेशल टीम्स कोच आला की त्याला भेटायचं कबूल केलंय, आणि २ जानेवारीपर्यंत नाव टाकणार नाही म्हणाला. त्याच्या किकिंग कोचनं दोन कॉलेजं सुचवली आहेत, एक राज्यातलंच आहे पण तिथे मेकॅनिकलच नाही, सिव्हिल आहे. ताई, मेकॅनिकलमधून सिव्हिलला गेला तर दोन वर्षांतलं साधारण किती धरतील?

औंधची_वैशाली
गणित, फिजिक्स, स्टॅटिक्स बहुतेक धरतील, थर्मोचं सांगता येत नाही. पण मुळात त्याला सिव्हिल करायचंय का ते विचारलंत का कोणी? ट्रान्सक्रिप्ट पाठवा मला मेसेजमध्ये, नाव खोडून, बघून सांगते.