कोंड्यावर मेथी-दही लावायचं तर प्रमाण काय? (इंदूर, बोरिंगचं पाणी)

सुदामानगर :
मुलगी १५ वर्षांची आहे. दसऱ्यापासून डोक्यात कोंडा आहे, पापुद्रे पिवळसर आणि चिकट, कानामागे आणि भांगात जास्त. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे रोज रात्री कोमट खोबरेल आणि सकाळी लिंबू चोळतोय. लिंबू झोंबतं आणि कोंडा उलट वाढलाय. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे डोकं बहुतेक वेळा बोरिंगच्या पाण्याने धुतलं जातं. मेथी-दह्याचं नेमकं प्रमाण आणि कृती कुणी सांगेल का?

रामबाग :
ताई, मेथीच्या आधी रात्रीचं तेल बंद करा. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि टाळूच्या तेलावर जगते. हे तेल फोडताना ओलेइक आम्ल मागे राहतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या त्वचेचा दाह होतो आणि पापुद्रे भराभर सुटतात. वरून रात्रभर खोबरेल मुरवणं म्हणजे तिला आणखी खाऊ देणं.
पापुद्रा बोटात चुरडून पाहा. पिठासारखा भुगा झाला आणि हातपायही कोरडे पडले असतील, तर टाळू नुसती रुक्ष आहे. तिथे धुण्याआधी तासभर दोन छोटे चमचे तेल चांगलंच. मेणासारखा चिकटला तर तेल नको. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून सासूबाईंचा उपाय चुकीचा नाही, फक्त या कोंड्यासाठी नाही.
लिंबूही थांबवा. रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, खाजवून सोललेल्या त्वचेवर तो भाजतोच. रस कपाळावर ओघळला आणि वर ऊन लागलं तर काळे डाग पडतात.

लोकमान्यनगर :
मेथी-दह्याची कृती :
मेथीदाणे २ मोठे चमचे, पाऊण वाटी पाण्यात ८ ते १० तास भिजवा. त्याच पाण्यासकट मिक्सरमधून इतकं बारीक वाटा की चिमटीत घेतल्यावर रवा लागायला नको. भरड राहिलं तर मेथीची सालं केसांत अडकतात आणि वाळल्यावर हुबेहूब कोंड्यासारखी दिसतात. "मेथीने कोंडा वाढला" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. शंका असेल तर मलमलीतून गाळून घ्या. त्यात ३ मोठे चमचे ताजं, बिनसाखरेचं दही घाला.
केसांचे बोटभर अंतराने भांग पाडत जा आणि लेप टाळूवर लावा, केसांना नाही. २० मिनिटं पुरेत. वाळू देऊ नका, वाळलेला लेप ओरबाडूनच निघतो. कोमट पाण्याने धुवा, कढत नको. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. उरलेला लेप ठेवू नका, आंबतो.
अपेक्षा मात्र बेताची ठेवा. मेथीचा बुळबुळीतपणा खाज शमवतो, दह्यातलं लॅक्टिक आम्ल पापुद्रे सैल करतं. यीस्टवर त्यांचा भरवसा नाही.

मल्हारगंज :
यीस्टसाठी टी ट्री तेल वापरून पाहा. ५ टक्क्यांच्या शॅम्पूची २००२ मध्ये चार आठवडे चाचणी झाली होती, साध्या शॅम्पूपेक्षा त्याने स्पष्ट फरक पडला. घरी १० मिली सौम्य शॅम्पूत १० थेंब, फेस डोक्यावर तीन मिनिटं राहू द्या. नुसतं तेल टाळूवर लावू नका, आग होते. आधी हे मिश्रण कोपराच्या आत लावून २४ तास पाहा.
पाण्याचंही बघा. अंगाच्या साबणाने डोकं धुवत असाल तर बोरिंगच्या जड पाण्यात त्याचा पांढरा साका होतो आणि केसांच्या मुळाशी बसतो. रिठ्याचा असा साका होत नाही. सियागंजातून अख्खे रिठे आणा, कारण पूड टाळूवर खरखरत राहते. ६ रिठ्यांच्या बिया काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १० मिनिटं उकळून फडक्यातून गाळा. डोळे घट्ट मिटायला सांगा, फार झोंबतं. शेवटची बादली नर्मदेच्या पाण्याची राखून ठेवा. खाण्याचा सोडा कुणी सुचवला तरी नको, टाळू आणखी रुक्ष होते.

सुदामानगर :
सगळ्यांचे आभार, आजपासून तेल बंद. केस आठवड्यातून किती वेळा धुवायचे? आणि घरचं कुठवर करत राहायचं?

रामबाग :
एक दिवसाआड धुवा. लेपाच्या दोन दिवशी लेप काढून लगेच, बाकीच्या दिवशी नुसता शॅम्पू. रिठा आठवड्यातून एकदाच, त्या दिवशी शॅम्पू नको.
चार आठवड्यांत खाज कमी झाली नाही तर २ टक्के केटोकोनॅझोलचा (बुरशीवरचं औषध) शॅम्पू आठवड्यातून दोनदा, ३ ते ५ मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे. गोल चकत्या पडून तिथले केस तुटत असतील किंवा चंदेरी जाड खपल्या कपाळावर उतरत असतील, तर वाट न पाहता त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. चकत्यांचा नायटा असेल तर पोटातूनच औषध लागतं.
आणि आज उजेडात कानामागचा एक केस धरून बघा. कोंडा फुंकरीने किंवा नखाने सरकतो. केसाला एका बाजूने चिकटलेला, न सरकणारा दाणा असेल तर ती लीख आहे, मग मेथी नाही, बारीक फणी काढा.